काचेतला शहाणा

दगड काचेवर आपटला तेव्हा मावशींच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो "सॉरी", आणि तोही गाडीला. दगड उडाला होता पुढच्या खडीच्या ट्रकमधून. ट्रकला त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. तो डुलत डुलत वळणापलीकडे निघूनही गेला. मावशींनी गाडी कडेला घेतली, चष्मा पुसला आणि वाकून पाहिलं. समोरच्या काचेवर, आरशाच्या जरा खाली, मसुराएवढा पांढरा खड्डा पडला होता आणि त्याला एक बारीकसा पाय फुटला होता.

"काचेतल्याला लागलं का हो?" त्यांनी विचारलं.

शेजारी बसलेले काका काहीच बोलले नाहीत. काका म्हणजे मावशींचे यजमान. सगळी गल्ली त्यांना काका म्हणे, म्हणून आपणही म्हणू. गाडीत ते कधीच बोलत नसत. पण आज त्यांचा चेहरा असा पडला होता, की जणू दगड ट्रकने नव्हे, त्यांनीच मारला असावा.

'काचेतला' म्हणजे कॅमेरा. गाडी खरी लेकीची. परदेशी बदली झाली तेव्हा ती गाडी आईच्या दारात लावून गेली. "नुसती उभी राहिली तर बॅटरी मरेल गं, तूच शीक," असं म्हणाली आणि विमानात बसली. मावशींनी आयुष्यभर शाळेचे गणवेश शिवले होते. पायाने वेग सांभाळायचा आणि हाताने दिशा, तर शिलाई मशीनपेक्षा यात वेगळं ते काय, असं म्हणून त्या साठी उलटल्यावर गाडी शिकल्या. गाडी फार हुशार होती. काचेमागे बसलेला कॅमेरा रस्त्यावरच्या रेघा पाहायचा, पुढची गाडीही पाहायचा आणि चूक झाली की ओरडायचा.

पहिल्या दिवशी तो इतका किंचाळला होता, की मावशींनी भर रस्त्यात गाडी बंद केली, खाली उतरल्या आणि फूटपाथवर बसून रडल्या. "माझा बापसुद्धा माझ्यावर असा ओरडला नव्हता. मी नाही परत त्या डब्यात बसायची," म्हणाल्या. तेव्हा काका म्हणाले होते, "थांब, मी त्याला जरा समजावतो." मग जाडजूड माहितीपुस्तक मांडीवर घेऊन दुपारभर ते गाडीत बसले. दुसऱ्या दिवशीपासून काचेतला अगदी माणसात आला. चूक झाली की हळूच "टिंग". बस, एवढंच. ना आरडाओरडा, ना आकांडतांडव. मावशींचं त्याच्याशी सूत जमलं ते जमलंच.

आणि मावशींना त्याची गरजही तशीच होती. त्यांची थोरली बहीण, अक्का, शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायची. खुबा मोडल्यापासून ती अंथरुणाला खिळली होती. दोन बस बदलून तिथे जायचं, तर मावशींचे गुडघे पहिल्याच पायरीवर हात जोडत. गाडी आली आणि दर गुरुवारची भेट सुरू झाली. मावशी अक्काच्या केसांना तेल लावायच्या, गुंता सोडवायच्या, वेणी घालायच्या. देखभालीची बाई वेणी घालायची, पण ओढून घालायची. अक्का बुधवारपासूनच केस कुणाला हात लावू देत नसे.

तेव्हा काचेवर खड्डा पडला म्हणजे नुसती काच फुटली नव्हती. काचेतल्याला नीट दिसलं नाही तर मावशी गाडी चालवणार नव्हत्या, आणि गाडी नाही तर गुरुवारही नाही.

त्या संध्याकाळी लेकीला फोन झाला. लेकीने फोटो मागवला, तो पाहिला आणि निकाल देऊन टाकला.

"आई, रिपेअर बिपेअर नको. अख्खी काच बदल. खड्डा कॅमेऱ्याच्या जवळ आहे. कंपनीच्या सेंटरला जा, ते कॅमेरा पण परत सेट करून देतील."

"बदलतेच," मावशी म्हणाल्या.

"कशाला बदलायची?" काका खुर्चीतून उठलेच. "एवढासा तर ठिपका आहे. सध्या काचेत काहीतरी भरून देतात, दिसतसुद्धा नाही. चांगली धडधाकट काच काढून फेकायची म्हणजे काय? माणसाच्या दाताला कीड लागली तर जबडा बदलतो का आपण?"

मावशी बघतच राहिल्या. काका वर्षभर बसचं वेळापत्रक आणि हवा यांपलीकडे काही बोलले नव्हते. जन्मभर बसमध्ये कंडक्टर होते. दिवसभर "पुढे सरका, पुढे सरका" म्हणून त्यांच्या वाट्याचे शब्द तिथेच संपले, असं मावशी म्हणायच्या. आणि आज हा माणूस जबड्यापर्यंत पोचला होता.

"अहो, पण कंपनीवाले कॅमेरा तपासतील. बरंच आहे ना ते?"

"तेच तर," काका म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली. "म्हणजे उगाच उघडझाप कशाला. चालू आहे त्याला हात लावू नये."

शेवटी तोडगा निघाला. आधी चौकातल्या काचवाल्याला दाखवायचं. तो म्हणेल ते खरं. खड्ड्यात धूळ जाऊ नये म्हणून काकांनी सकाळी त्यावर चिकटपट्टी लावली. काकांचा हात सढळ. त्यांनी खड्डाही झाकला आणि वरची कॅमेऱ्याची काळी चौकटही झाकली. मावशींच्या हे लक्षात आलं ते निम्म्या वाटेवर, आणि तेही अशा वेळी, की त्या रेघेवरून जरा घसरल्या होत्या आणि टिंग झालं होतं.

"अहो, त्याच्या डोळ्यावर तर पट्टी आहे. मग दिसलं कसं त्याला?"

काका खिडकीबाहेर पाहायला लागले. "फटीतून दिसत असेल."

"किती गुणी आहे," मावशी गहिवरून म्हणाल्या. "लागलंय, डोळ्यावर पट्टी आहे, तरी लक्ष माझ्याकडे."

त्यानंतर काचवाल्याचं दुकान येईपर्यंत एकदाही टिंग झालं नाही. दुखत असेल, असं म्हणून मावशींनी गाडी बैलगाडीच्या चालीने नेली.

काचवाला उत्साही होता. त्याने बोटाने खड्डा चाचपला, भिंगातून पाहिला आणि होईल म्हणाला. "नाण्याखाली झाकला जातो ना? मग भरता येतो. फक्त कॅमेऱ्याच्या एवढ्या जवळ आहे, त्याची गॅरंटी मी देत नाही. कॅमेऱ्याला तिथे थोडं धुरकट दिसू शकतं."

"चालेल," काका म्हणाले.

"चालेल काय?" मावशी म्हणाल्या. "तुम्हाला मोतीबिंदू होऊ दे आणि मी म्हणते चालेल."

"अगं, त्याला दिसतं सगळं. माझा शब्द आहे."

काकांनी शब्द दिला असं मावशींच्या आठवणीत लग्नानंतर दोनदाच झालं होतं, आणि दोन्ही वेळा त्यांनी तो पाळला होता. त्यांनी काचवाल्याला होकार दिला. काचवाल्याने सुईने खड्ड्यात पातळ रस सोडला, त्यावर निळा दिवा धरला आणि काच चकाचक पुसून दिली. खड्डा खरंच दिसेनासा झाला. काकांनी एवढ्या जोरात सुस्कारा टाकला, की काचवाल्याने वळून पाहिलं.

पण हा आनंद घरापर्यंतही टिकला नाही. ऊन रणरणतं होतं आणि काच तापून निघाली होती. कामगिरी फत्ते झाल्याच्या खुशीत काकांनी आपणहून एसीचं बटण शेवटपर्यंत फिरवलं आणि गार वारा काचेवर सोडला. "टक्" असा आवाज झाला. मावशींना आधी वाटलं, काचेतला काही नवीन बोलला. मग त्यांच्या डोळ्यांदेखत खड्ड्यातून एक रेघ निघाली आणि रमतगमत काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली.

मावशींनी गाडी कडेला घेतली.

"आता?" मावशी म्हणाल्या.

"आता बदलावीच लागेल," काका म्हणाले. त्यांचा आवाज परीक्षेचा पेपर कोरा देऊन आलेल्या मुलासारखा होता.

सेंटरला जायच्या दिवशी काकांनी शेवटचा प्रयत्न करून पाहिला. "तू घरी थांब. ते लोक गाडी उचलून न्यायला येतात, मी जातो त्यांच्याबरोबर."

"तुम्ही जाऊन काय सांगणार? तुम्ही तर गाडीत तोंडही उघडत नाही. त्याच्या सवयी मला माहीत. डॉक्टरकडे पोराला नेताना आई लागते."

सेंटरमध्ये सगळं पांढरं होतं. फरशी पांढरी, भिंती पांढऱ्या, खुर्च्यासुद्धा. निळा डगला घातलेली टेक्निशियन मुलगी हातात टॅबलेट घेऊन आली. काका तेवढ्यात पाणी पिऊन येतो म्हणून उठले ते काचेच्या भिंतीपलीकडे टायरांच्या चित्रांसमोर जाऊन उभे राहिले. टायरांमध्ये त्यांना इतका रस असेल असं मावशींना कधी वाटलं नव्हतं.

"काच बदलली की कॅमेरा परत जुळवावा लागतो," मुलगी म्हणाली. "म्हणून विचारते मावशी, त्याचा काही त्रास होता का आधी?"

"त्रास कसला, गं. फार समजूतदार आहे. मी चुकले की एकदा टिंग करतो. म्हणजे थांब, बघ जरा. सिग्नल सुटला आणि मी आपली विचारात असले, की दोनदा करतो, टिंग टिंग."

मुलीने टॅबलेटवरून मान वर केली. "दोनदा? ते कशासाठी?"

"चल म्हणून."

"आमची गाडी चल म्हणत नाही, मावशी."

"आमची म्हणते. आणि कुणी मधे आलं, एखादं पोर धावलं, की टिंग टिंग टिंग टिंग, थांबेपर्यंत सोडत नाही. एकदा तर मी चष्मा घरी विसरले होते. गाडी फाटकाबाहेर काढू देईना. वाजवतच राहिला, वाजवतच राहिला. शेवटी हे उतरले आणि चष्मा घेऊन आले."

मुलीचा चेहरा बदलत गेला. ती गाडीत जाऊन बसली, पडद्यावर बोटं फिरवली, टॅबलेटला वायर जोडली, परत बोटं फिरवली आणि बाहेर आली. नातेवाइकांना वाईट बातमी कशी सांगावी अशा विचारात ती घटकाभर उभी राहिली.

"मावशी, गाडीचे इशाऱ्याचे सगळे आवाज बंद आहेत."

"दगडामुळे?"

"नाही. कुणीतरी सेटिंगमधून बंद केलेत. मागच्या वर्षीच. गाडी तुमच्याकडे आली त्याच आठवड्यात. कॅमेरा चांगला आहे, समोर धोका असला तर ब्रेकही आपोआप लागेल, ते बंद होतच नाही. पण आवाज... वर्षभर ही गाडी एकदाही वाजलेली नाही."

मावशींना आधी काही कळेना. वर्षभर ऐकलं ते काय मग, भास? दर गुरुवारी होणारा, चष्मा विसरल्याचं ओळखणारा भास? एकदा म्हणजे थांबा. दोनदा म्हणजे चला. सलग म्हणजे काहीतरी धोका आहे.

आणि मग त्यांना कळलं. कंडक्टरच्या बायकोला कळायला खरं तर एवढा वेळ लागायला नको होता. काका नोकरीत असताना ड्रायव्हरशी बोलू नये अशी पाटी बसमध्ये असायची, आणि काकांनी ती जन्मभर पाळली. मागे उभं राहायचं, रस्त्यावर नजर ठेवायची, आणि जे सांगायचं ते घंटीने. एक, दोन, नाहीतर सलग. चालवणाऱ्याचा जीव आधीच टांगणीला असतो, त्यात आपल्या तोंडाची भर नको, असं ते म्हणायचे.

मावशींना पहिल्यांदा आला तो राग. वर्षभर या माणसाने आपल्याला बनवलं. आपण गल्लीभर सांगत सुटलो, की गाडी कशी शहाणी आणि नवरा कसा मुका. पण राग घशाशी येईपर्यंत दुसऱ्याच गोष्टी डोळ्यांसमोर यायला लागल्या. हा माणूस गाडीत कधी डुलकी काढत नव्हता. कधी बाजूची दुकानं पाहत नव्हता. अक्काचं आणि त्यांचं विळ्याभोपळ्याचं सख्य. ती त्यांना तिकीटमास्तर म्हणून हिणवायची. तरी दर गुरुवारी ते बरोबर यायचे, मावशी वेणी घालेपर्यंत अक्काच्या दाराबाहेर पायरीवर बसायचे, आणि परत जाताना पुन्हा शेजारी. मावशींना वाटायचं, घरी करमत नाही म्हणून येतात. आपण एवढ्या वर्षांत या माणसाला ओळखलंच नाही, असं मनात आलं आणि त्यांना फार वाईट वाटलं, आणि फार बरंही वाटलं.

"काच बसवली की आवाज चालू करून देऊ ना?" मुलीने विचारलं.

मावशींनी भिंतीपलीकडे पाहिलं. काका आता चौथ्यांदा तेच टायर वाचत होते.

"नको," त्या म्हणाल्या. "बंदच असू दे. आणि त्यांना कळू देऊ नकोस, मला सांगितलंस म्हणून."

नवी काच बसली. मग गाडीसमोर काळ्यापांढऱ्या चौकटींचा मोठा फळा उभा केला, मुलीने टेप लावून मापं घेतली. मावशींना ते काम पसंत पडलं. टेप कशी ताणून धरली होती तेवढं पाहूनच त्यांनी मान डोलावली. पण कॅमेरा काही केल्या फळ्यावर नजर ठरवेना. मुलगी वैतागली, मग तिच्या लक्षात आलं.

"काका, जरा बाजूला व्हा. त्याला फळ्याच्या जागी तुम्हीच दिसताय."

काका ओशाळून बाजूला झाले. मावशी अक्काला फोन करायला बाहेर गेल्या. "येते गं गुरुवारी, केस तसेच ठेव," असं सांगून त्या वळल्या, तर काका मुलीला कोपऱ्यात गाठून खालच्या आवाजात काहीतरी सांगत होते आणि मुलीने कपाळाला हात लावला होता. टायरांचं विचारत असतील, असं मावशी स्वतःशी म्हणाल्या आणि हसल्या.

परतीच्या वाटेवर नवी काच इतकी स्वच्छ होती, की नसल्यासारखीच वाटत होती. मावशी मजेत होत्या. आता त्यांना ठाऊक होतं कुठे ऐकायचं ते. एका वळणावर त्या मुद्दाम रेघेच्या जरा जवळ गेल्या आणि कान टवकारले. काहीच नाही. त्यांनी हळूच पाहिलं. काका मागे रेलून बसले होते, हातांची घडी, आणि बाजूची दुकानं पाहत होते. वर्षभरात पहिल्यांदाच.

बरं नाही की काय यांना, मावशींना धास्ती वाटली.

मग मोठा चौक आला. लाल दिवा. गाडी थांबली. दिवा हिरवा झाला. मावशी वाट पाहत राहिल्या. काकाही, का कोण जाणे, मान पुढे काढून वाट पाहत होते. मागचा एक हॉर्न वाजला, मग दुसरा, मग सगळ्यांनी मिळून सुरुवात केली. एक मोटारसायकलवाला खिडकीशी येऊन म्हणाला, "हिरव्यात आणखी कुठला हिरवा पाहिजे तुम्हाला?" आणि निघून गेला. दिवा परत लाल झाला.

"वाजला कसा नाही?" काका पुटपुटले.

"कोण?"

"हा, वरचा. मी त्या मुलीला सांगून आलो होतो, आवाज चालू कर, पण हळू ठेव म्हणून." बोलून गेल्यावर त्यांना कळलं आपण काय बोललो ते. त्यांनी डोळे मिटून घेतले.

"मी तिला सांगितलं होतं, बंद ठेव म्हणून," मावशी म्हणाल्या. "गाडी मी चालवते, तिने माझं ऐकलं."

काकांनी डोळे उघडले.

"तुला कळलं तर."

"कळलं."

"रागावलीस?"

"ते घरी गेल्यावर ठरवेन. आधी सांगा, आज एकदम संप का?"

काका बोटातली अंगठी फिरवत राहिले. सीटच्या पट्ट्याची जी लोखंडी खोबण असते, तिच्यावर अंगठी आपटून ते वर्षभर घंटी वाजवत होते. खोबणीचा रंग त्या जागी उडाला होता, हे मावशींना आता दिसलं. "मला नीट दिसत नाही गं हल्ली," ते म्हणाले. "संध्याकाळी रेघ अंधूक होते. तो खडीचा ट्रक पण मला उशिरा दिसला. वेळेवर वाजवलं असतं, तर तू मागे राहिली असतीस, दगड लागला नसता. म्हटलं काच दुरुस्त करून निभावून नेऊ. मग म्हटलं, आता नवीनच आहे सगळं, तर खऱ्यालाच बसू दे कामावर. माझ्या भरवशावर तू गाडी चालवायची म्हणजे..."

"ट्रक मला दिसला होता," मावशी म्हणाल्या. "ट्रकही दिसतो, रेघही दिसते. चालवणारी मीच ना? उद्या तुमचे डोळे तपासून आणू, मी नेते. पण वाजवायचं सोडायचं नाही."

"तुला सगळं दिसतं, तर घंटी कशाला पाहिजे?"

मावशींना उत्तर माहीत होतं, पण ते भर चौकात बोलायचं नव्हतं. दिवा पुन्हा हिरवा झाला. मागच्यांनी पुन्हा हॉर्न वाजवायला सुरुवात केली. मावशींचा पाय ब्रेकवरून हलला नाही.

"अहो, गाडी भरलीय," त्या समोर बघत म्हणाल्या. "निघायचं का?"

काकांनी आरशात मागची रांग पाहिली, दोन्ही बाजूंचा रस्ता पाहिला, पाठ ताठ केली आणि अंगठी दोनदा वाजवली. मावशींनी गाडी काढली.